हंगामी मास्तर

"उठू नका हेडमास्तर, बसा," दारातच चपला काढत वैरागकर मास्तर म्हणाले. पण तोवर जोतीराम खुर्ची मागं सारून उभा राहिला होता. त्या गडबडीत दौत कलंडली आणि टीपकागदावर शाईचं तळं साचलं.

बत्तीस सालच्या जून महिन्यातला तो शाळेचा पहिला दिवस होता. साखर पेठेतल्या त्या म्युनिसिपल शाळेला नुकताच चुना दिला होता, त्याचा वास अजून गेला नव्हता. बाहेर पोरांचा कालवा चालला होता आणि आजूबाजूच्या घरांतून मागांची खटखट एकसारखी कानावर येत होती. मास्तर टेबलापाशी आले. अंगात तोच गळाबंद कोट, डोक्याला तीच काळी टोपी. कोटाच्या कोपरांना मात्र आता ठिगळं होती, आणि टोपीखालचे केस पार पिकले होते.

"मस्टर कुठं आहे?"

जोतीरामनं मस्टर पुढं केलं. आदल्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं त्यात मास्तरांचं नाव लिहिलं होतं. नव्यानं येणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या खाली लिहायचं, असा रिवाज. लिहिताना त्याची लेखणी अडली होती. शेवटी लिहिलं ते इतकं जपून, की सबंध पानात तेवढं एकच नाव छापल्यासारखं दिसत होतं.

मास्तरांचं बोट वरून खाली उतरलं. सर्वांत वर हेडमास्तर जोतीराम वाघमोडे. सर्वांत खाली चिंतामणी वैरागकर, असिस्टंट. त्यांनी सही केली.

"अक्षर सुधारलंय," ते म्हणाले. "तिसरीची खोली कोणती?"

"मास्तर, तिसरीत पोरं फार आहेत. दंगाही फार. तुम्ही चौथी घ्या, मी हत्तुऱ्यांना सांगतो..."

"तिसरीची जागा रिकामी होती म्हणून मला नेमलंय ना? मग तिसरीच."

आणि खडू घेऊन ते गेलेसुद्धा. बाकावर बसलेले गुरप्पा हत्तुरे हा सगळा प्रकार बघत होते. गुरप्पा चौथीचे मास्तर. अक्कलकोटकडचा माणूस, घरी कानडी, शाळेत मराठी आणि रागावले की दोन्ही.

"कोण हो हे, हेडमास्तर? तुमी एकदम उटून उभारलात की."

"माझे मास्तर."

"गावाकडचे?"

"न्हाय," जोतीराम म्हणाला आणि मग सावरून, "नाही. ट्रेनिंगचे. मास्तरांना मास्तर करायचे ते."

गुरप्पांनी एकदा दाराकडं बघितलं, एकदा मस्टरच्या शेवटच्या ओळीकडं. मग तेही आपल्या वर्गावर गेले.

सोलापुरात त्या काळी कॉलेज नव्हतं. वकिलाच्या, सावकाराच्या मुलानं पुढं शिकायचं तर पुण्याची गाडी धरायची. पण खेड्यापाड्यांतून मराठी फायनल झालेल्या गरिबाच्या पोराला एकच वाट होती. सरकारी ट्रेनिंग क्लास. तिथं सरकार शिष्यवृत्ती देई, दोन वर्षं शिकवी आणि शिक्का मारून मास्तर करून बाहेर काढी. किल्ल्याच्या अलीकडं भाड्याच्या एका लांबट इमारतीत तो क्लास भरे. पोरं त्यालाच ऐटीत 'आमचं कॉलेज' म्हणत.

त्या कॉलेजाचे वरचे साहेब कायम होते, चित्रकलेचे मास्तर कायम होते, दारावरचा शिपाईसुद्धा कायम होता. हंगामी होते ते एकटे वैरागकर मास्तर. गणित, भूगोल आणि शिकवायचं कसं हे शिकवणं, असे सगळे जड विषय त्यांच्याकडं. पुण्यात दोन वर्षं कॉलेज करून वडील वारल्यामुळं ते परत आले होते. पदवी राहिली ती राहिलीच. पदवी नाही म्हणून कायम नाही, आणि त्यांच्यावाचून क्लास चालत नाही म्हणून सुटकाही नाही. मार्च संपला की त्यांची नेमणूक संपे, जूनला नवी येई. मधल्या उन्हाळ्यात पगार बंद. मग ते बार्शीला एका अडत दुकानात जमाखर्च लिहायला जात आणि पावसाच्या तोंडावर, उन्हानं रापून, परत येऊन फळ्यासमोर उभे राहत.

जोतीराम तिथं आला तो नातेपुत्याजवळच्या एका वस्तीवरून. धनगराचा पोरगा. बापानं मेंढरं विकून त्याला फायनलपर्यंत शिकवला होता. क्लासातली बरीच पोरं गावाकडची असली तरी जोतीरामची बोली सगळ्यांत रांगडी. पहिल्यांदा नमुन्याचा पाठ घ्यायची वेळ आली तेव्हा तो फार घाबरला होता. समोर चौथीची मुलं, मागं भिंतीशी क्लासातले सोबती, त्याच्या चुका टिपायला वह्या उघडून बसलेले. विषय भीमा नदी.

"भीमा लई मोटी नदी हाय," जोतीरामनं सुरुवात केली, "आन ती हितनं तितवर..."

मागं एकदम खसखस पिकली. पुढची मुलंही हसायला लागली. जोतीरामनं तोंड फळ्याकडं फिरवलं ते पाठ संपेपर्यंत. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. रात्रीच्या गाडीनं गावाकडं निघून जावं, असं त्याच्या मनात पक्कं झालं.

पाठ संपल्यावर चुका सांगायची पाळी आली. एकेकजण उठून जोतीरामचे शब्द वाचून दाखवू लागला. लई, हाय, हितनं, तितवर. मास्तरांनी सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, "ह्यातला एकही दोष मी धरत नाही. ही मुलं ह्याच बोलीतली आहेत, त्यांना सगळं कळलं. वाघमोडे, तुमची चूक एकच. तुम्ही मुलांकडं पाठ फिरवलीत. ती पुन्हा करायची नाही. भाषेचं काय, ती सुधारता येते."

आणि ती त्यांनी सुधारलीच. रोज संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठानं मास्तर फिरायला जात. जोतीरामला त्यांनी बरोबर यायला सांगितलं. चालता चालता तो दिवसभराची हकिगत सांगे आणि मास्तर मधेच थांबून म्हणत, "आता हेच शाळेतल्या बोलीत." जोतीराम तेच पुन्हा सांगे. कधी मास्तर स्वतःच त्याला मेंढरांबद्दल विचारत. मेंढराचा आजार कसा ओळखायचा, रात्री कळपाभोवती जाळ्याची वाघर कशी लावायची. त्या वेळी मात्र ते बोली सुधारत नसत. "ते तुझ्याच भाषेत सांग," म्हणत. तळ्यातल्या देवळाच्या पायऱ्यांवर दिवे लागत, मिलचा भोंगा होई आणि दोघं परत फिरत. पुढच्या आयुष्यात जोतीरामला पुष्कळ बरे दिवस आले, पण सुख म्हटलं की त्याला त्या तळ्याकाठच्या फेऱ्याच आठवत.

त्याच्या दुसऱ्या वर्षी, संक्रांतीची जत्रा उलगडत असताना, ती बातमी आली. मास्तर कायम झाले! धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा निघाली होती आणि तिला पदवीची अट नव्हती. पगार जवळजवळ दीडपट, पुढं पेन्शन. फक्त लगेच हजर व्हायचं होतं. क्लासातल्या पोरांना आनंद झाला आणि वाईटही वाटलं. त्यांनी वर्गणी केली, साखर पेठेतल्या एका विणकराकडून जाडजूड चादर आणली, पेढे आणले. निरोपाचं भाषण जोतीरामनं केलं, शाळेतल्या बोलीत, एकदाही न अडखळता. मास्तरांनी चादर खांद्यावर घेतली. दोनतीन पोरं तर रडलीच. घरी मास्तरांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी भांडीकुंडी ट्रंकांत भरली होती, टांगा सांगून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली आणि मास्तर नेहमीसारखे खडू घेऊन वर्गात शिरले. काखेत ती चादर.

सगळे उठून उभे राहिले.

"बसा," ते म्हणाले. चादर टेबलावर ठेवली. "तुमची परीक्षा एप्रिलात. माझ्या जागी माणूस येणार जूनमध्ये. मी साहेबांना म्हणालो, मला तीन महिने द्या. ते म्हणाले, जागा थांबत नाही. मी म्हणालो, मग वर्गही थांबत नाही. तर आता निरोप फुकट गेला. ही चादर परत घ्या."

मग मागच्या बाकावरून करमाळ्याचा एक पोरगा म्हणाला, "ठेवा मास्तर. पुढच्या बदलीला उपेगी पडंल."

वर्ग हसला, मास्तरही हसले आणि फळ्याकडं वळून त्यांनी त्रिकोण काढला.

पुढची बदली काही आली नाही. रुक्मिणीबाई नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण ट्रंकाही त्यांनी लगेच रिकाम्या केल्या नाहीत. कितीतरी दिवस लागेल तसं एकेक भांडं त्या ट्रंकेतून काढत. जोतीराम एकदा घरी गेला तेव्हा चहासाठी कपबशी अशीच ट्रंकेतून बाहेर आली.

त्या वर्षी क्लासातली सगळीच्या सगळी पोरं पास झाली. जोतीराम पहिल्या काहींत आला. त्या जोरावर त्याला सोलापुरातच नोकरी लागली आणि म्युनिसिपल बोर्डाला खेड्यातून आलेला एक तरी हेडमास्तर दाखवायचा होता म्हणा, की त्याचं काम चांगलं होतं म्हणा, चारपाच वर्षांत तो हेडमास्तरही झाला.

आणि मग मंदी आली. मिलच्या पाळ्या कमी झाल्या, माणसं गावाकडं परतू लागली. सरकारनं काटकसर काढली, तीत ट्रेनिंग क्लास बंद झाला. कायम होते त्यांच्या दुसरीकडं बदल्या झाल्या. शिपाईसुद्धा कचेरीत गेला. हंगामी वैरागकर मास्तरांना आभाराचे चार शब्द मिळाले. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला म्युनिसिपल बोर्डानं नोकरी दिली ती नवशिक्याच्या पगारावर, असिस्टंट म्हणून. तीही नेमकी जोतीरामच्या शाळेत.

पहिले काही दिवस जोतीरामची फार पंचाईत झाली. मास्तर आले की तो उठायचा. ते खोलीत असेतो खुर्चीवर टेकायचा नाही. काहीतरी काम काढून व्हरांड्यात जायचा, नाहीतर भिंतीशी उभ्यानं कागद लिहायचा. गुरप्पांना मजा वाटू लागली. पोरंही बघून बघून कुजबुजायला लागली. शेवटी एका दुपारी मास्तरांनी त्याला एकट्याला गाठलं.

"हेडमास्तर, एक सांगू? शाळेत त्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असावं लागतं. तुम्ही माझ्यापुढं उभे राहता, मग हत्तुऱ्यांनी कुणाचं ऐकायचं?"

"मास्तर, मला तुम्ही जोतीराम म्हणा. हेडमास्तर म्हणता तेव्हा कसंतरीच होतं."

"घरी या, म्हणेन." ते हसले. "इथं बसा."

जोतीराम बसला. तेव्हापासून बसू लागला. मास्तर समोर असले की मात्र पाठ टेकवायचा नाही.

फेब्रुवारीत बोर्डाच्या ऑफिसरसाहेबांनी जोतीरामला बोलावून घेतलं. शाळेची हजेरी घटली होती. मागवाल्यांची कितीतरी घरं रिकामी पडली होती.

"वाघमोडे, तुमच्या शाळेतला एक मास्तर कमी करावा लागणार," साहेब म्हणाले. "नियम साधा आहे. शेवटी आला तो आधी जाईल. वैरागकर."

जोतीराम पुढं सरकला. "साहेब, त्यांची नोकरी बरीच वर्षांची आहे. आधी ट्रेनिंग क्लासात..."

"ती सरकारी होती आणि हंगामी होती. आमच्याकडं तिचा काय संबंध?" साहेब माणूस वाईट नव्हता. जरा थांबून तो म्हणाला, "हां, दुसऱ्या कुणाचं काम समाधानकारक नाही असा तुमचा रिपोर्ट आला, तर विचार करता येईल. शाळा तुमची. महिनाअखेर पाठवा."

वाटभर जोतीरामच्या डोळ्यांपुढं गुरप्पा हत्तुरे येत राहिले. गुरप्पा उशिरा येतात. आठवड्यातून दोनदा तरी. पाढे म्हणवून घेताना पेंगतात. खोटं काही लिहायची गरजच नव्हती. खरं तेवढंच जरा रेटून लिहिलं की भागत होतं.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. सोजरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"गुरू हाय तुमचा," ती म्हणाली. "त्यो धुळ्याला गेला असता तर तुमी पास झाला असता व्हय? लिवा की सरळ."

"आन गुरप्पा? चार लेकरं हायती त्यास्नी. आई हातरुणाला खिळल्याली."

सोजरबाईचा हात थांबला. "मंग मला कशाला इचारता?" ती जरा चिडूनच म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून जोतीराम चौथीच्या वर्गावर जाऊन बसू लागला. मुद्दाम पहिल्या तासाला. गुरप्पा धापा टाकत आले की हा आधीच बाकावर बसलेला. ते ओशाळत, चुकत, आणखीच वाईट शिकवत. तिसऱ्या दिवशी तर त्यांच्या हातून फळ्यावरची बेरीजच चुकली आणि पोरं हसली. गुरप्पांनी हेडमास्तरकडं असं बघितलं, की जोतीरामला आपल्याच हातातली वही जड झाली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर खोलीत आले.

"हत्तुऱ्यांचा पाठ तीन दिवस बघताय. माझा एकदाही नाही."

जोतीरामनं मान खाली घातली. "तुमचा पाठ मी काय बघायचा, मास्तर?"

"का? बघायला मीच शिकवलं ना? उद्या तिसरीत या. वही घेऊन या."

दुसऱ्या दिवशी जोतीराम तिसरीच्या खोलीत, अगदी मागं, भिंतीशी जाऊन बसला. मास्तरांनी मुलांना कडेनं उभं केलं आणि खडूनं जमिनीवर मोठा नकाशा काढायला घेतला. "हे तळं. हा किल्ला. ही आपली शाळा. आता ज्याचं त्यानं यायचं आणि आपलं घर दाखवायचं." पोरं एकेक करून नकाशात शिरू लागली. कुणी मिलच्या चाळीत जाऊन उभं राहिलं, कुणी तुळजापूर वेशीपाशी. विणकराची एक बुटकी पोर चौकोनात पाय ठेवून म्हणाली, "माझ्या घरात मग्गम आहे." सगळे हसले. मास्तर म्हणाले, "मग्गम म्हणजे माग. छान. दोन्ही शब्द लिही." आणि खडू तिच्या हातात दिला. तिनं जमिनीवर बसून माग काढला.

जोतीराम वही विसरून बघत राहिला. पण हळूहळू दुसरंही काही त्याच्या लक्षात येऊ लागलं. मास्तरांचा आवाज बसत चालला होता. मागं, त्याच्या जवळ उभ्या असलेल्या पोरांना शब्द नीट ऐकू येत नव्हते. दोघं चिंचोके खेळत होते आणि मास्तरांना ते दिसतच नव्हतं. डोळे बारीक करून ते मागं बघत आणि काही न कळून पुढं वळत. एकदा खोकल्याची उबळ आली तेव्हा त्यांना खिडकीचा गज धरावा लागला.

घंटा झाली, पोरं पळाली. मास्तर पायानं हळूहळू नकाशा पुसू लागले.

"बोला," ते म्हणाले.

"चांगला झाला पाठ."

"आणि?"

"आणि काही नाही."

"वाघमोडे," मास्तर म्हणाले. ट्रेनिंगच्या वर्गात म्हणत तसं. "दोष सांगा."

जोतीरामनं हातातली कोरी वही मिटली. मग म्हणाला, "आवाज मागपर्यंत येत नाही. मागची पोरं दिसत नाहीत तुम्हाला."

"बरोबर." मास्तरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मला ठाऊक होतं. तुम्ही सांगता की नाही तेवढं बघायचं होतं. आता हत्तुऱ्यांचं सांगा. शिकवतात कसं?"

"उशिरा येतात."

"ते घरचं झालं. शिकवतात कसं?"

"वाईट नाही," जोतीराम कसाबसा म्हणाला. "मी बसलो म्हणून बिचकले. एरवी पोरांना कळतं त्यांचं."

"मग तेच लिहा."

"मी न्हाय लिवणार!" जोतीरामचा आवाज फुटला. "तुमी धुळ्याची जागा सोडली ती आमच्यापायी. आन मी तुमाला माज्या हातानं घालवू?"

मास्तरांनी त्याची बोली सुधारली नाही. ते बाकावर बसले आणि शेजारच्या जागेवर त्यांनी हात ठेवला. जोतीराम त्यांच्याजवळ बसला.

"हे बघ जोतीराम," ते म्हणाले. शाळेत पहिल्यांदाच त्यांनी त्याला नावानं हाक मारली. "मी तुमच्यावर उपकार केला असं इतकी वर्षं मनात धरून बसला असशील, तर ते काढून टाक. वर्ग अर्ध्यात टाकून मला जाववलं नसतं. त्रिकोण अर्धा काढून कुणी खडू ठेवतो का? तेवढीच गोष्ट. घरी त्रास झाला, तो हिला झाला. तिचं मी देणं लागतो. तू नाहीस."

"मग तुम्ही काय करणार?"

"अजून चार पोरांपुरता आवाज आहे," मास्तर म्हणाले. "खोलीभर पोरांना पुरत नाही, एवढंच."

जोतीरामनं रिपोर्ट लिहिला. हत्तुरे यांचे काम समाधानकारक. वैरागकर यांचे काम उत्तम. 'उत्तम' त्यानं खोडलं नाही. त्याचा उपयोग होणार नव्हता हे माहीत असूनही. ठरल्याप्रमाणे मार्चअखेर मास्तर गेले. जाताना त्यांनी तिसरीच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि उरलेले खडू मोजून नव्हे, तसेच डबीसकट गुरप्पांच्या हातात दिले. गुरप्पा भर व्हरांड्यात त्यांच्या पाया पडले. त्यांना सगळं कळलं होतं. उशिरा यायचे ते मात्र पुढंही येतच राहिले, आई जाईपर्यंत.

मास्तरांची भाड्याची जागा शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडं होती. दोन खोल्या आणि रस्त्यालगत ओटा. त्या ओट्यावर सकाळी विणकरांची चारसहा पोरं पाट्या घेऊन बसू लागली. कुणी पैसे देई, कुणी पंचा देई, कुणी नुसतीच पोर पाठवी. रुक्मिणीबाई आत डाळ निवडता निवडता एखाद्याचा पाढा चुकला की आतूनच दुरुस्त करीत.

जोतीरामनं जुनी सायकल घेतली ती त्याच सुमारास. घरून शाळेला जायची वाट त्या गल्लीतून होती. पहिल्या दिवशी ओटा दिसताच तो खाली उतरला. मास्तरांनी वर बघितलं.

"काही काम होतं?"

"नाही."

"मग चढा. शाळेला उशीर होईल."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उतरला आणि सायकल हातात धरून गल्ली चालत पार केली. तिसऱ्या दिवशीही. मास्तरांनी मग विचारणं सोडलं. पोरं क्षणभर पाट्यांवरून माना वर करीत. मास्तर करीत नसत. त्यांचा तो बसका आवाज तसाच चालू राही. जोतीराम कोपऱ्यावर जाऊन सायकलवर चढेपर्यंत त्याला तो ऐकू येई.

अशी तीनचार वर्षं गेली. एका पावसाळ्यात मास्तरांचा घसा पुरताच बसला. रुक्मिणीबाईंचा भाचा येऊन दोघांना बार्शीला घेऊन गेला आणि हिवाळ्यात तिकडून मास्तर वारल्याची बातमी आली. घरमालकानं दोन्ही खोल्या सुताच्या गठ्ठ्यांसाठी दिल्या. ओट्यावर आता सुताच्या रिकाम्या कांड्यांच्या टोपल्या रचलेल्या असत.

शाळेत महिपती नावाचा नवा मास्तर आला होता. तोही त्याच बाजूला राही. एके दिवशी दोघं बरोबर निघाले, बोलत बोलत, सायकलींवर. गल्लीच्या तोंडाशी जोतीराम खाली उतरला. महिपती पुढं गेला होता, तो पाय टेकून थांबला.

"काय झालं हेडमास्तर? चाकातली हवा गेली का?"

"नाही. हितं रस्ता जरा खराब आहे."

महिपतीनं रस्त्याकडं बघितलं. नांगरलेल्या वावरासारखे रस्ते त्यानं जन्मभर बघितले होते. हा रस्ता तर चांगला सपाट होता. पण हेडमास्तर सायकल हातात धरून, मान जरा खाली घालून, टोपल्यांनी भरलेल्या त्या ओट्यासमोरून सावकाश पुढं चालले होते. महिपती घुटमळला. मग तोही उतरला आणि त्यांच्या मागून चालू लागला.